आनंदाच्या दिवशीची तक्रार

भार्गवी पागधरेच्या यंत्रात अमेरिकेचा फेडरलिस्ट पक्ष पहिल्यांदा जिवंत राहिला, त्या दिवशी तिने संस्थेत सगळ्यांना पेढे वाटले. पेढे कशाचे, असं जो तो विचारत होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी संपलेला एक परदेशी पक्ष संपला नाही त्याचे, असं सांगताना तिचं तिलाच हसू येत होतं.

संस्था पुण्यात, पाषाणच्या टेकडीच्या पायथ्याशी होती. तिथल्या यंत्राचं काम सांगायला सोपं होतं. इतिहासातला एखादा काळ निवडायचा आणि त्या काळातली पत्रं, वर्तमानपत्रं, बाजारभाव, जहाजांची ये-जा, सभांची इतिवृत्तं असं जे काही उरलं असेल ते सगळं यंत्राला द्यायचं. त्यावरून यंत्र लाखो माणसं उभी करायचं. प्रत्येकाला स्वभाव होता, नातीगोती होती, धंदा, भीती आणि हट्ट होता. ही आकड्यांची माणसं एकमेकांशी बोलायची, भांडायची, मतं द्यायची. त्या काळी बातमी घोड्यावरून जात असेल, तर यंत्रातही ती घोड्याच्याच वेगाने जायची. जे खरोखर घडलं तेच यंत्र घडवून दाखवतं का, हे आधी तपासायचं. ते जमलं की एकच गोष्ट बदलायची आणि सगळं पुन्हा चालवायचं, हजारो वेळा. घडलेला इतिहास म्हणजे एकदाच पडलेलं दान. यंत्र तेच फासे पुन्हा पुन्हा टाकायचं.

भार्गवीने अमेरिका निवडली, कारण तिथे पक्ष अगदी शून्यातून उभे राहिले होते. तो देश घडवणाऱ्या बहुतेकांना पक्ष ही चीजच नको होती. पक्ष म्हणजे देशाला लागलेली कीड, असं ते भाषणांतून सांगत. तरी दहा वर्षांच्या आत दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकले. एक बंदरांचा, सावकारी पेढ्यांचा आणि मजबूत केंद्र सरकारचा, म्हणजे फेडरलिस्ट. दुसरा शेतजमिनींचा आणि राज्यांच्या हक्कांचा, म्हणजे त्या काळचे रिपब्लिकन. भार्गवीने यंत्रात राजधानी हलवून पाहिली, राष्ट्रीय बँक काढून टाकली, फ्रान्समधली क्रांती काही वर्षं पुढे ढकलली. प्रत्येक वेळी पक्ष दोनच झाले. कधी उत्तर आणि दक्षिण अशी फाळणी व्हायची, तर कधी किनारा आणि डोंगरापलीकडचा मुलुख अशी. एका फेरीत खलाशांचा तिसरा पक्ष निघाला, पण दोन निवडणुकांत तो इतरांत विरून गेला.

फेडरलिस्टांचा शेवट मात्र तिला सतावत होता. १८१२ साली ब्रिटनशी सुरू झालेल्या युद्धात ईशान्येच्या बंदरांचा व्यापार बुडाला. तिथल्या फेडरलिस्टांनी हार्टफर्ड गावात बंद दाराआड परिषद भरवली आणि मागण्या ठरवल्या. त्या मागण्यांसाठी मॅसॅच्युसेट्स राज्याचे तीन प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले. ते तिथे पोचले नेमके तेव्हाच, जेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची आणि पाठोपाठ तहाची बातमी येऊन शहर आनंदाने वेडं झालं होतं. त्या गर्दीत तक्रार घेऊन आलेले हे तिघे आधी हास्यास्पद ठरले, मग देशद्रोही. पक्ष त्यातून उठला नाही.

भार्गवीने एवढंच केलं, की ती आनंदाची बातमी वादळात अडकवून दोन-तीन आठवडे उशिरा पोचवली. मागण्या त्याच, माणसं तीच. दहातल्या सात फेऱ्यांत पक्ष टिकला आणि पुढे कारागिरांचा आणि बंदरांतल्या मजुरांचा पक्ष बनला. काही फेऱ्यांत तर गुलामगिरीचा प्रश्न एक पिढी आधीच चव्हाट्यावर आला.

पेढे त्याचे होते. पक्ष त्याच्या विचारांनी मरत नाही, चुकीच्या दिवशी तोंड उघडल्याने मरतो, असं तिने निबंधात लिहिलं. हे वाक्य पुढे पुष्कळांनी उद्धृत केलं.

तिने आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. त्या तिघांना वाटेतच गाठून सावध करणारा एक स्वार तिने यंत्रात पाठवला. तिला वाटलं होतं, ते मागे फिरतील आणि पक्ष वाचेल. झालं उलटंच. स्वार विश्वासातला असला तरी आधी त्याच्यावरून भांडण लागायचं. काही म्हणायचे परत फिरू, काही म्हणायचे हा विकला गेला आहे. पक्ष दुभंगायचा आणि आणखी लवकर मरायचा. निबंधाच्या शेवटी, परिशिष्टात, तिने तेही नोंदवलं.

भार्गवीचं गाव चिंचखाडी, पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावाने, दामोदरने, तिला वाढवलं. तो स्वतः बोटीवर गेला आणि तिला मात्र होस्टेलवर ठेवलं. आता त्याने आणि चिंतामण तांडेल यांनी मिळून किनारा हक्क पक्ष काढला होता. तांडेल वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. दामोदर हळू बोलायचा आणि बोललेलं निभवायचा. लोकांना दोघंही लागत. रागावायला तांडेल आणि विश्वास ठेवायला दामोदर.

पक्ष काढायचं कारण समुद्रातलं होतं. त्या किनाऱ्यावर डोल जाळी ठरलेल्या जागी खांब रोवून लावतात, आणि त्या जागा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाटलेल्या आहेत. नेमक्या त्याच पट्ट्यात पवनचक्क्यांचे मनोरे येणार होते. वीज सगळ्यांना हवी होती. चिंचखाडीच्या जाळ्यांच्या जागा मात्र कुणाच्याच नकाशात नव्हत्या. दोन वर्षांत पक्षाने जिल्हा परिषदेत इतक्या जागा जिंकल्या, की मुंबईचे पत्रकार गाव शोधत येऊ लागले.

त्याच सुमारास संस्थेचे संचालक डॉ. केळुस्कर यांनी भार्गवीला नवं काम दिलं. एका सल्लागार कंपनीला तिची पद्धत आजच्या काळात तपासून हवी होती. नावं काढून टाकलेली माहिती आली. डोंगराळ मुलुखातला, जंगलावर हक्क सांगणारा, दोन नेत्यांचा एक लहान तरुण पक्ष. प्रश्न असा होता, की असा पक्ष बळ न वापरता कशाने मोडतो. भार्गवीला वाटलं, हा तिच्या सिद्धांताचा कस आहे. तिने मन लावून काम केलं. उत्तर स्पष्ट आलं. पक्षाला चर्चेला बोलवावं, पण भेट पुढे ढकलत राहावी. वाट पाहताना जहाल माणसं मागण्या वाढवतात. मग सगळा देश आनंदात असेल अशा दिवशी त्यांना भेटीला बोलवावं. आतून कुणी सावध केलं तर काम अधिकच सोपं होतं.

अहवाल गेला. केळुस्करांनी तिचं कौतुक केलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दामोदरचा फोन आला. तो कधी नव्हे इतका खुशीत होता. मंत्र्यांनी भेट दिली होती. दोनदा तारीख पुढे गेली, पण आता पक्की होती. तारीख लांबली ते एका परीने बरंच झालं, कारण तेवढ्यात तांडेलांनी नवी मागणी सगळ्यांकडून मंजूर करून घेतली होती. किनाऱ्याला स्वतःची परिषद हवी, आणि तिच्या परवानगीशिवाय समुद्रात कुणी खांब रोवायचा नाही. ती मिळेपर्यंत किनारा सरकारला कुठलीही पट्टी देणार नाही. दामोदरला हे जरा जास्त वाटत होतं, पण बहुमत झालं होतं.

भार्गवीने तारीख विचारली. ती ऐकून तिने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. महिनाभर प्रत्येक वाहिनीवर तीच तारीख झळकत होती. चंद्रावर उतरलेले आपले चार अंतराळवीर त्या दिवशी पृथ्वीवर परतणार होते.

फोन ठेवल्यावर तिने आपला अहवाल पुन्हा उघडून पाहिला. मग केळुस्करांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कंपनीचं गिऱ्हाईक कोण, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. जंगल असं लिहिलं असेल तर जंगलच असेल, योगायोग असू शकतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला.

"भार्गवी, आपण हवामान खात्यासारखे आहोत. पाऊस येईल एवढं सांगतो. पाऊस आपण पाडत नाही."

"सर, आपण तो कधी पाडावा हे सांगितलंय."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि गुप्ततेच्या कराराची आठवण करून दिली. ते वाईट गृहस्थ नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून तिची रजा मंजूर केली. त्याच दिवशी यंत्राकडे जाणारा तिचा मार्गही बंद झाला. तो त्यांनी बंद केला की वरून झाला, हे तिला कधीच कळलं नाही.

चिंचखाडीला जाणाऱ्या बसमध्ये ती एकच गोष्ट घोळवत होती. सांगितलं नाही, तर दादा आणि तांडेल त्या दिवशी मुंबईत जातील आणि त्यांचं हसं होईल. सांगितलं, तर ती स्वतःच तो स्वार ठरेल. तिने स्वारामुळे फुटलेले पक्ष इतक्या वेळा पाहिले होते, की भांडण कुठल्या वाक्याने सुरू होतं तेही तिला तोंडपाठ होतं. पण स्वाराचं गुपित ऐकणारा माणूस एकच असेल आणि तो ते पोटात ठेवेल, अशी फेरी तिने कधी चालवली नव्हती. तेवढी एकच फट उरली होती.

दामोदर बांबूंवर बोंबील वाळत घालत होता. तीही त्याच्या जोडीला उभी राहिली आणि हात चालवता चालवता सगळं सांगितलं. पक्षाचं, यंत्राचं, अहवालाचं. आपल्याच हातून हे झालं, हेही. कुंदावहिनी पाणी घेऊन आली, ती दोघांची तोंडं पाहून परत आत गेली.

"दादा, कुणाला सांगू नकोस," भार्गवी म्हणाली. "आजारी पड. घरात काही निघालंय म्हण. काहीही कर आणि ती तारीख चुकव. कारण मात्र सांगू नकोस."

"तांडेलांना पण नाही?"

"त्यांना तर नाहीच."

दामोदर हातातला बोंबील उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "बाय, आम्ही पक्ष काढला तेव्हा एकच ठरवलं होतं. एकमेकांपासून काही लपवायचं नाही. तेवढंच तर आहे आमच्याकडे. मी खोटं बोलून पक्ष वाचवला, तर वाचलं काय?"

तिने त्याला पुन्हा समजावलं. हात जोडले. तिला होस्टेलवर ठेवताना जो माणूस सगळ्या नातेवाइकांच्या विरोधात उभा राहिला होता, तोच समोर होता. तो तेव्हाही बधला नव्हता.

संध्याकाळी मच्छीमार सोसायटीच्या बर्फघरामागच्या खोलीत कार्यकारिणी बसली. भार्गवीला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. दामोदरने काही न लपवता सांगितलं. मग एकाने विचारलं, की तारीख पुढे मागून घ्यायला काय हरकत आहे. दुसरा म्हणाला, तिसऱ्यांदा पुढे गेली तर लोक आपल्याला भित्रे म्हणतील. आवाज चढत गेले. मग तांडेल उठले. त्यांचा आवाज मात्र चढला नव्हता.

"दामू, तुझी बहीण मला मुलीसारखी. पण मला एवढंच सांग, आपल्याला मोडायचा बेत ज्यांनी केला, त्यांचा पगार कोण घेतं?"

बाहेर उभ्या असलेल्या भार्गवीने डोळे मिटले. यंत्रात हे वाक्य इंग्रजीत असायचं आणि दर वेळी वेगळ्या माणसाच्या तोंडी. अर्थ हाच असायचा.

बैठक मोडली तेव्हा पक्षाचे दोन झाले होते. कागदावर ते नंतर झालं. तांडेल आणि बहुतेक तरुण मुंबईला जाणार, असं ठरलं. दामोदर आणि मोजकी म्हातारी माणसं मागे राहिली. दुसऱ्या दिवशी मच्छी उतरवताना दामोदरच्या बोटीकडे कुणी हात लावायला आलं नाही.

भेटीच्या दिवशी सकाळपासून बोटी किनाऱ्यावरच होत्या. यान अरबी समुद्रात उतरणार म्हणून समुद्रात जायला बंदी होती. शाळेने मुलांना पुळणीच्या वाळूवर आणलं होतं, हातात कागदी झेंडे होते. यानाची छत्री उघडलेली तिथे लावलेल्या पडद्यावर दिसली आणि सगळं गाव ओरडलं. भार्गवीच्याही अंगावर काटा आला. कुंदावहिनी चक्क रडत होती. चारांतली एक मुलगी साताऱ्याची होती. ती दारातून हसत बाहेर आली तेव्हा दामोदरनेही हात वर करून टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात खोटं काहीच नव्हतं. भार्गवीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

दुपारनंतर मुंबईची दृश्यं आली. मंत्रालयाबाहेर ढोल वाजत होते, गुलाल उधळला जात होता. त्यातून तांडेल आणि त्यांचे सोबती फलक घेऊन वाट काढत होते. फलकावर मोठ्या अक्षरांत 'किनाऱ्याला स्वतंत्र परिषद' असं लिहिलेलं होतं. कॅमेरा नेमका 'स्वतंत्र' या शब्दावर थांबला. निवेदिकेने हसत विचारलं, आज कुणाला कशापासून स्वतंत्र व्हायचंय? गर्दीतल्या कुणीतरी तांडेलांच्या टोपीवर गुलाल ओतला. तो प्रेमाने की चिडवायला, हे त्यांना कळलं नसावं, कारण ते आधी हसले. मग कुणीतरी फलक हिसकावला. मंत्री भेटले नाहीत. ते विमानतळावर अंतराळवीरांच्या स्वागताला गेले होते.

संध्याकाळपर्यंत तांडेलांचं गुलालाने माखलेलं, गोंधळलेलं तोंड देशभर फिरत होतं. त्यावर गाणी झाली. काही दिवसांनी चौकशी लागली. पक्षाला परदेशातून कुणी फूस लावली का, असा प्रश्न वर्तमानपत्रांत आला. दामोदरच्या गटाने आपण गेलोच नव्हतो असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्याच माणसांनी त्यांना पळपुटे म्हटलं. पुढच्या निवडणुकीत किनाऱ्यावर दोन्ही गटांचे उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि दोन्हीकडचे पडले.

भार्गवीने नोकरी सोडली. एका पत्रकाराला तिने सगळं सांगितलं. त्याने पुरावा मागितला. तिच्याकडे जंगलातल्या एका निनावी पक्षाचा अहवाल होता, आणि तोही करारामुळे दाखवता येत नव्हता. पत्रकार सभ्य होता. फेडरलिस्टांवरचा तिचा निबंध मात्र त्याने आवडीने वाचला होता, असं म्हणाला.

ती चिंचखाडीलाच राहिली. गावच्या शाळेत इतिहास शिकवू लागली. समुद्रात मनोऱ्यांच्या जागा दाखवणारी नारिंगी पिंपं तरंगू लागली. डोल जाळ्यांचे खांब एकेक करून उपटले गेले. त्याची भरपाई मिळाली आणि ती घेण्यावरूनही गावात दोन तट पडले.

पावसाळा संपता संपता एका रविवारी तांडेल घरी आले. बैठकीनंतर त्यांनी या दारात पाय ठेवला नव्हता. ते वाळले होते. दामोदरने उठून खुर्ची दिली, वहिनीने चहा ठेवला. बोलणं हवापाण्यावर, नातवंडांवर, गुडघ्यांवर गेलं. मग तांडेल भार्गवीकडे वळले.

"पोरी, तुला विकलेली ठरवलं मी. तसं बोलायला नको होतं."

तिने मान हलवली. ते शब्द त्यांचे नव्हतेच, यंत्रात दर फेरीत ते कुणी ना कुणी बोलायचंच, असं तिला म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्या माणसाकडून त्याची चूकही काढून घ्यायची, हे तिला बरं वाटेना.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या त्या यंत्रात आम्ही दोघं पुढे कधी एकत्र येतो का?"

दामोदर दाराबाहेर पाहत होता, पण त्याचं लक्ष इकडेच होतं.

फेडरलिस्टांचं तिला ठाऊक होतं. ती माणसं पांगली, दुसऱ्यांच्या पक्षांत गेली, काहींनी आपण कधी फेडरलिस्ट होतो हे नातवंडांनाही सांगितलं नाही. या दोघांचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. कंपनीला पक्ष मोडेपर्यंतच पाहायचं होतं. तो मोडला की यंत्र थांबायचं.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं कुणी विचारलंच नव्हतं."

"मग तू विचार ना."

"आता मला तिथे कुणी आत घेत नाही."

तांडेलांनी मान डोलावली, जणू बाजारात हवी ती वस्तू संपली असं कुणी सांगितलं होतं. ते उठले. दामोदर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. भार्गवी ओसरीवरून पाहत राहिली. दोघे फाटकापाशी उभे राहिले. एकाने डिझेलचं काहीतरी विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं. मग बोलायला काही उरलं नाही, तरी दोघांपैकी कुणीच आधी निघेना.